मंगळावरचा भाडेकरू

सकाळी घराबाहेर पडलेला आमचा बुढा दुपारचे बारा वाजले तरी सापडला नव्हता. अकोल्याचा मे महिना. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. अन् आमच्या माडीवरचा भाडेकरू हातातल्या मोबाईलकडे पाहून मला म्हणाला, “काकू, लोक हसून राह्यले.”

“काय?”

“मी ग्रुपवर टाकलं का काकाजी हरवले. तं लोक हसून राह्यले. एक म्हणते कूलरच्या मागं पाहा. एक म्हणते चंद्रावर गेले असतीन.”

मी मोबाईल त्याच्या हातातून ओढला. वर माझ्या नवऱ्याचा फोटो. अंगात निळा झगा, छातीपर्यंत पांढरी दाढी, हातात कापसाच्या पऱ्हाटीची काठी आणि काठीच्या टोकाला लुकलुकता दिवा. खाली सतराशे साठ हसरी तोंडं.

“हाच फोटो भेटला तुले?”

“काकू, माह्याजवळ काकाजीचा दुसरा फोटोच नाई.”

माझ्याजवळ तरी कुठे होता? एक लग्नातला, एक रेशनकार्डावरचा. दोन्हीत केस काळे.

“तुह्या खेळापायी आज माह्या माणसाचा जीव जाईन,” मी म्हटलं. मनात ठेवायची मला सवय नाही. तो पायरीवर बसला.

बुढ्याचं डोकं काही वर्षांपासून उतरणीला लागलं होतं. डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मी चौथी शिकलेली. मला एवढंच समजलं, की हा माणूस घरात बसून घर शोधतो. त्या दिवशी मी आंघोळीला गेले आणि तो घर शोधायला बाहेर पडला. पोलिसात सांगितलं, त्यांनी जीप फिरवली. बंद पडलेला कापसाचा जिनिंग कारखाना, बसस्टँड, मारुतीचं देऊळ, जिथे जिथे तो जाईल असं वाटलं तिथे शेजारचे जाऊन आले. कुठेच नव्हता.

पण लोक हसले का, हे समजायला हा भाडेकरू काय वल्ली होता ते सांगावं लागेल.

खोली पाहायला आला तेव्हा तिशी ओलांडलेला होता. दुकानांचे, दवाखान्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. नवा भाडेकरू पाणी किती वाजता येतं ते विचारतो. यानं विचारलं, “काकू, दुपारचं ऊन कोणत्या भिंतीवर येते?” मला वाटलं, शहाणा दिसतो, झोपायची जागा पाहतो आहे. सामान आलं तेव्हा कळलं. थंड भिंतीला त्यानं काचेचं कपाट लावलं आणि त्यात बाहुल्या मांडल्या. यंत्राची माणसं, शेपटीवाले, तीन डोळ्यांचे, पंखवाल्या बायका. उन्हानं त्यांचे रंग उडतात म्हणे. स्वतः तापलेल्या भिंतीखाली गादी टाकून झोपायचा, अन् कूलरचं तोंड कपाटाकडे.

“एवढे खेळणे कायले रे?” मी विचारलं.

“हे खेळणे नोहे, काकू. कलेक्शन हाय. खेळण्याशी खेळतात. याले मी हातबी लावत नाई.”

“मंग घेतलं कायले?”

“असावं म्हणून.”

“माही सासू माळ्यावर पितळी गंज ठेवे. असावे म्हणून. एकातबी कधी वरण शिजलं नाई.”

मी टोमणा मारला होता. तो हरखून म्हणाला, “पाहा! तुमाले बरोबर समजलं.”

सगळ्यात वरच्या फळीवर एक लाल यंत्रमानव होता, खोक्यातच. खोकं कधी उघडलेलं नव्हतं. उघडलं की संपलं, असं तो म्हणायचा. मी एकदा त्यावरची धूळ पुसायला हात वर केला तर चटका बसल्यासारखा ओरडला.

त्याचे वडील मोर्शीकडचे, संत्र्याची बाग असलेले. एकदा पोतंभर संत्री घेऊन आले, माडीवर गेले आणि लगेच खाली आले.

“बाई, हे काय होय?”

“बाहुल्या होत.”

“घोड्यासारखा वाढला अन् बाहुल्या? बिमार तं नाई ना हा?”

“बिमार नाई. पीत नाई, खात नाई, मोठ्यानं गाणे लावत नाई. जिना झाडते. बाहुल्या ठेवते.”

म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. “मंग ठेवू द्या,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

आधी गल्लीत त्याला येडा म्हणत. आमच्या काळी असल्या माणसाचं लग्न जमत नसे आणि मुलं त्याच्या मागे दगड घेऊन धावत. पण वारं फिरलं. भाजीबाजारातल्या पोट्ट्यांच्या अंगात तीच चित्रं असलेले सदरे दिसू लागले. मग माडीवर एक जण यायला लागला, मग चार. कापड दुकानदाराचा मुलगा, बँकेतला कारकून, डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरी. रविवारी जिन्यावर चपलांमुळे पाय ठेवायला जागा नसे. वर काय चाले? कोणत्या सिनेमातला तलवारवाला खरा, कोणत्या पुस्तकातला खोटा, यावर भांडण. भावकीत वावराच्या बांधावरून होत नाही असं भांडण. ज्यांना शाळेत कोणी आपल्या बाकावर बसू दिलं नाही, ती सगळी पोरं मोठी होऊन माझ्या माडीवर जमली आहेत, असं मला वाटायचं.

त्यात तस्लीम नावाची एक होती. शाळेचे गणवेश शिवणारी, दोन लेकरांची आई. या मंडळींचे झगे शिवून द्यायला आली आणि त्यांच्यातच राहिली. मला चाची म्हणे. “चाची, मेरे शौहर पूछते, उधर क्या करती? मैं बोली, उधर सब मेरे से ज्यादा पागल हैं, मेरेकू आराम मिलता.”

वर्षातून एकदा अमरावतीला यांचा मेळा भरे. जो तो कुणीतरी बनून यायचा. एका वर्षी आमचा हा यंत्रमानवाचं मुंडकं काखेत घेऊन बसमध्ये चढला. पुठ्ठ्याचं, पण चांगलं घागरीएवढं. कंडक्टर म्हणाला, “हे मुंडकं कोनाचं?”

“माहं.”

“मंग घालून बस. शिटावर जागा नाई.”

हा घालून बसला. मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईनं लेकराला सांगितलं, पाया पड बाप्पाच्या. लेकरू पाया पडलं. यानं आतून आशीर्वाद दिला. बडनेरा येईपर्यंत घामानं चिंब झाला होता, पण मुंडकं काढलं नाही. का, तर लेकराचा विश्वास उडाला असता.

बुढ्याचं आणि त्याचं जमायचं. बुढा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला विचारी, “तू कोन?” दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काकाजी, मी तुमचा भाडेकरू, कालच तर सांगितलं. मीसुद्धा तसंच करायची आणि बुढा ओशाळायचा. हा म्हणे, “मी मंगळावरून आलो.”

“मंगळावर पानी हाय का?”

“नाई ना, काकाजी. बंदच हाय.”

“म्हंजे अकोल्यासारखंच.”

“त्याहून बरं. तठी नळ येते का म्हणून कोनी जागत नाई.”

दोघं हसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बुढ्याला दर वेळी ते नवंच असे आणि यालाही कंटाळा येत नसे.

झग्याची भानगड अशीच सुरू झाली. बुढ्याची पांढरी दाढी पाहून भाडेकरूच्या डोक्यात आलं, की याला जादूगार करावा. तस्लीमनं निळा झगा शिवला. काठीला पऱ्हाटी घेतली, तिला दिवा बसवला. अमरावतीच्या मेळ्यात बुढ्याला पहिला नंबर मिळाला. स्टेजवर बसून त्यानं सगळ्यांना आशीर्वाद दिले आणि माईकवर कापसाचा भाव विचारला. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. तेव्हापासून तो ‘अकोल्याचा जादूगार’. त्याचा फोटो कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये होता याला गणती नाही.

मग यानं खेळ काढला. दर रविवारी सकाळी बुढ्याला झगा घालून स्कूटरवर बसवायचा, गावातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात उभा करायचा, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. जादूगार कुठे आहे? ओळखा. पण जागा ओळखून भागत नसे. तिथे हमखास काहीतरी बिघडलेलं असायचं. उघडी गटार, फुटलेला नळ, शाळेसमोरचा खड्डा. ते ओळखायचं आणि महापालिकेकडे तक्रार करायची, तरच गुण. शाळेजवळच्या एका गटारावर वर्षानुवर्षं झाकण नव्हतं. एका रविवारी इतक्या तक्रारी गेल्या, की झाकण बसलं.

त्यांनी सगळ्या अकोल्याचा नकाशा करून त्याच्या चौकटी पाडल्या होत्या. एकेक चौकट एकेकाकडे. नियम असा, की आपल्या चौकटीत जे जे पोकळ आहे त्यात डोकावायचं. पोरं म्हणत, ज्यानं डोकावलं नाही त्याची चौकट रिकामी धरायची नाही.

मी त्याला एकदा म्हटलं, “चांगलं काम करायले खेळ कायले पाह्यजे? सरळ सांग ना लोकाईले.”

तो म्हणाला, “काकू, चांगलं काम करा म्हटलं का माणूस म्हणते, उद्या येतो. खेळ म्हटलं का चप्पल न घालता येते.”

तर असा तो. अन् तो दिवस नेमका रविवार होता. फोटो झग्यातला, टाकणारा हाच. लोकांना काय वाटणार?

पायरीवर बसून त्यानं पुन्हा लिहिलं, खरंच हरवले. उत्तर आलं, ‘भाऊ, या वेळेस लय कठीण लेव्हल दिली.’ मग त्यानं स्वतःचा व्हिडिओ काढला. बोलताना त्यानं हात जोडले. त्यावर कुणीतरी लिहिलं, ‘ॲक्टिंग एक नंबर.’ काहींना त्यानं फोन लावले. दोघं निघाले, बाकीच्यांचे फोन लागले नाहीत. रविवारची दुपार, अकोला कूलरपुढे आडवं पडलेलं.

तो उठला. नळाखाली डोकं धरलं. म्हणाला, “काकू, मी खेळ लावतो.”

मला वाटलं, उन्हानं याचंही डोकं फिरलं. “माहा माणूस मरून राह्यला अन् तू खेळ लावतं?”

“शिव्या संध्याकाळी द्या. आत्ता मले माणसं पाह्यजेत.”

त्यानं लिहिलं आणि मी मोठ्यानं वाचायला लावलं. आजचा जादूगार फोटोत नाही, खराखुरा अकोल्यात फिरतो आहे. झग्यात नाही, पांढरं धोतर आणि बंडी. सगळ्या चौकटी उघडल्या आहेत. जोडीनं जायचं, पाणी आणि ओला टॉवेल घेऊन जायचं, अर्ध्या तासात घरी परत. सापडला तर आधी सावली, मग घोट घोट पाणी, मग फोन. जिंकणाऱ्याला लाल यंत्रमानव.

“लाल?” मी विचारलं. “तो खोक्यातला?”

“हाव.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर सुरू झाली. मग दुसरी. मग त्याच्या मोबाईलला जी थरथर सुटली ती थांबेना. ही चौकट पाहिली, नाही. ती पाहिली, नाही. मी माडीवर गेले. तो भिंतीवरच्या नकाशावर फुल्या मारत होता.

“एखादं पोट्टं उन्हानं पडलं तं?”

“म्हणून तं जोडीनं धाडले.”

“अन् त्याईले खरं कधी सांगशीन?”

“काकाजी सापडल्यावर. मंग मारतीन जोड्यानं तं मारू द्या.”

रेल्वेलाईनच्या पलीकडची एक चौकट कुणीच घेईना. तिथे काही नव्हतंच. पाण्याच्या योजनेचे सिमेंटचे मोठाले पाईप पडलेले, बाकी माळ. ज्याची ती चौकट होती तो लग्नाला धामणगावला गेलेला. शेवटी तस्लीमनं घेतली. नणंदेला मागे बसवून गेली. पोलिसांची जीप त्या रस्त्यानं जाऊन आली होती. पण रस्त्यावरून पाईपाचं तोंड दिसतं, पोट दिसत नाही. या दोघींनी नियमाप्रमाणे एकेक पाईपात डोकं घालून पाहिलं.

एकात बुढा होता. मधोमध, पाय पोटाशी घेऊन. एक चप्पल नव्हती. अंग तव्यासारखं. तस्लीम सांगते, तिनं हाक मारली तरी डोळे उघडेनात. ओली ओढणी त्याच्या डोक्यावर ठेवली, बोटानं ओठाला पाणी लावलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “तू कोन?”

“मैं तस्लीम, बाबाजी. तुमचा झगा शिवणारी.”

“मंग माप नीट घे,” बुढा म्हणाला. “मांगच्या बारीले लांब झालता.”

नणंदेनं फोन केला. माडीवर हा कानाला मोबाईल लावून उभा होता. एकदम खाली बसला, बाहुल्यांच्या कपाटाला टेकून, ज्याला कधी कुणाचा श्वास लागू देत नसे.

“सापडले. जिते हायेत.”

सापडला, पण शुद्धीत राहिना. दवाखान्यात सलाईन लावली, बर्फ लावला. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. संध्याकाळी व्हरांड्यातल्या बाकावर बसून यानं ग्रुपवर लिहिलं आणि मला दाखवलं. ‘हा खेळ नव्हता. काकाजी खरंच हरवले होते. मी खोटं बोललो, कारण खरं बोललो तेव्हा तुम्ही हसले.’

मग मी त्याला, ठरल्याप्रमाणे, शिव्या दिल्या. झग्याच्या, फोटोच्या, मोबाईलच्या, मंगळाच्या. त्यानं खाली मान घालून ऐकल्या. नर्स येऊन म्हणाली, “आजी, पेशंट झोपले आहेत.” मग हळू आवाजात दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांडा पोरांनी भरला. चंद्रावर गेले असतील असं लिहिणारी पोट्टी माझ्यापुढे येऊन रडायला लागली.

“रडू नको,” मी म्हटलं. “तू रडून त्याच्या अंगात पानी जात नाई. सलाईन लावली हाय.”

दुपारी बुढ्यानं डोळे उघडले आणि चहा मागितला. साखर कमी पडली म्हणून पुन्हा मागितला.

बक्षिसाचा कार्यक्रम आमच्या ओट्यावर झाला. यानं लाल यंत्रमानवाचं खोकं दोन्ही हातांनी तस्लीमला दिलं, मुलगी सासरी धाडावी तसं. तिची धाकटी लेक सोबत होती. तस्लीमनं तिथल्या तिथे खोकं फाडलं आणि बाहुला लेकीच्या हातात दिला. लेकीनं पहिल्या झटक्यात त्याचा हात उपटला. याचा चेहरा असा झाला, की मी पदरात तोंड घालून हसले.

“भाई, खेळणं हाय ना?” तस्लीम म्हणाली.

“हाव,” तो म्हणाला. “आता हाय.” अन् ओट्यावर बसून हात परत बसवून देऊ लागला.

नंतर त्यानं एक नवंच खूळ काढलं. मोबाईल घेऊन गल्लीतल्या घराघरात जायचा आणि म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायचा. हरवलं तर असावा म्हणून, असं सरळ तोंडावर सांगायचा. बाया पैठण्या नेसून, पावडर लावून बसायच्या. हा म्हणे, “मावशी, रोजचं लुगडं नेसा. पैठणी नेसून कोनी हरवत नाई.” काहींनी हाकलून दिलं. बहुतेकांनी काढू दिला. बुढ्याचा बंडीतला फोटो काढला, समोरून आणि बाजूनं. माझाही काढला. वाईट आला आहे.

पुढे त्याला अमरावतीत मोठं काम मिळालं. बाहुल्या टेम्पोत चढवायला अख्खा ग्रुप आला होता. एकेक बाहुली टॉवेलात गुंडाळून जिना उतरवली. त्याची गादी मात्र वरून खाली फेकली. जाताना माझ्या पाया पडला. मी म्हटलं, “तठी घर पाहशीन तं आधी पानी इचार.” तो म्हणाला, “ऊनबी इचारीन, काकू.”

आता त्या खोलीत एक मास्तर राहतात. नीटनेटके आहेत. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

त्या उन्हाळ्यात ऊन लागून आमच्या भागातली दोन म्हातारी माणसं गेली. आमचा बुढा वाचला.